मास्क लावा आबा, मग साखर बांधतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकाला 'नाही' कसं म्हणायचं ते बघितलं. वेळ कमी पडला म्हणून एक उदाहरण राहून गेलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत सातारा-सांगलीच्या प्रत्येक दुकानदाराला दिवसातून कितीतरी वेळा 'नाही' म्हणावं लागलं. तेही कुणाला? स्वतःच्या जुन्या, घरच्यासारख्या गिऱ्हाइकाला.

आठवून बघा. २३ मार्च २०२० ला इस्लामपुरात एकाच कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह निघाले. काही दिवसांत आकडा वीसच्या पुढे गेला आणि आख्खा सांगली जिल्हा हादरला. तेव्हा मास्क लावा म्हणून कुणाला सांगावं लागत नव्हतं. भीती सांगत होती. पंचाईत नंतर झाली, लोकांची भीती उतरली आणि नियम तसेच राहिले तेव्हा. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला बऱ्याच जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत सुरू झाली, पण सातारा, सांगली, कोल्हापूर धरून ११ जिल्ह्यांत दुपारी ४ लाच शटर खाली. धंद्याची वेळ आधीच अर्धी, त्यात गिऱ्हाइकाशी वाद घालायचा कुणी?

मग २७ नोव्हेंबर २०२१ चा सरकारी आदेश आला. मास्क नसलेल्या माणसाला दंड ५०० रुपये. पण तो माणूस तुमच्या दुकानात सापडला तर दुकानाला दंड १०,०००! आता हिशोब करा. किराण्यात समजा शंभराला दहा रुपये सुटतात, तर १०,००० भरायला एक लाखाचा माल विकावा लागतो. एका आबांच्या उघड्या नाकापायी!

त्याच आदेशात आणखी एक गंमत होती. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, असं स्पष्ट लिहिलं होतं. आता आपल्याकडं खेड्यातनं बाजाराला येणारा माणूस नाकाला काय लावतो? रुमाल, उपरणं, नाहीतर बायका पदर. "ह्यो काय मग? तोंड झाकलंय की!" असं आबा म्हणणार, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. कागदावरचा नियम आणि काउंटरवरचा माणूस, मध्ये दुकानदार.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यांनी यातला खरा पेच मला सांगितला. रोखीचं गिऱ्हाईक रागावलं तर जाऊ दे, उद्या दुसरं येईल. पण उधारीचं गिऱ्हाईक रागावलं तर? वहीवर सहा हजार बाकी आहेत, आणि तुम्ही त्याला चार माणसांत म्हणता, "अण्णा, मास्क कुठाय?" अण्णा फिरले की सहा हजारही फिरले. म्हणून त्यांनी विचारणंच बंद केलं. दारात दोरी बांधली, दोरीला मास्कचा डबा अडकवला. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं तीन पदरी मास्कची किंमत ४ रुपयांवर आणली होती, त्यामुळं हे परवडत होतं. पोऱ्या आधी मास्क पुढं करायचा आणि मग म्हणायचा, "बोला अण्णा, काय देऊ?" हातात वस्तू आली की माणूस लावतो. प्रश्न आला की भांडतो. आता काही जण डब्यातले पाच-सहा मास्क घरी न्यायचे हेही खरं, पण १०,००० पुढं ते काहीच नाही.

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका पेढेवाल्यांची अडचण वेगळीच. कंदी पेढा चाखल्याशिवाय कोण घेतं? आणि चाखायचा तर मास्क खाली आलाच. 'चव मिळणार नाही' म्हणणं म्हणजे तिथं धंदा बंद करणं. त्यांनी अर्धा पेढा कागदात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. "मावशी, बाहेर जाऊन निवांत खा, आवडला तर या."

लसीचं मात्र काम अवघड होतं, कारण तिथं समोर गिऱ्हाईक नव्हतं, आपलाच माणूस होता. दुकानातल्या सगळ्यांचे दोन्ही डोस हवेत, असं आदेश म्हणत होता. आणि कोविशिल्डचा पहिला डोस घेतला की दुसऱ्याला ८४ दिवस! म्हणजे नोव्हेंबरपर्यंत ज्याच्या हमालानं सुईच टोचून घेतली नव्हती, त्याचा फेब्रुवारी उजाडणार. मालक ओरडायचे, "अरे, घेत का नाहीस?" तो म्हणायचा, "मला काय होतंय?" किंवा गावातल्या कुणाचा तरी किस्सा सांगायचा. आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे.

माझं ऐकाल तर तो अडाणी नव्हता, हिशोबी होता. लस घेतली की अनेकांना एक-दोन दिवस ताप, अंगदुखी. रोजंदारीवरच्या माणसाचे दोन दिवस म्हणजे दोन हजेऱ्या. वर केंद्रावर रांगेत जाणारा वेळ. हे तो मालकाला तोंडावर कसं सांगणार? म्हणून 'मला काय होतंय'. ज्या मालकांनी "दोन दिवस घरी झोप, हजेरी चालू" असं म्हटलं, त्यांच्याकडं वाद मिटलेला मी बघितलाय. मिरजेच्या एका वर्कशॉपवाल्यांनी तर दोघा-दोघांना शनिवारी पाठवलं. रविवार सुट्टीचाच असल्यानं कामाचा एकच दिवस अंगावर आला. सगळे तयार झाले असं नाही. एकजण शेवटपर्यंत नाहीच म्हणाला. त्याला त्यांनी काढलं नाही, मागं गोडाऊनला बसवलं. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं, माझंही अजून पक्कं नाही.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. गणपती पेठेतली दोरी त्याच दिवशी सुटली. साताऱ्यात मात्र चवीचा पेढा अजून कागदातच मिळतो. लोक तो घरी नेतात, घरच्यांना चाखवतात आणि अर्धा किलो न्यायला परत येतात, असं मालक सांगतात.