ऑटोक्लेव्हमधील हवा

१९९६ साली मी बालरोगशास्त्रात एम.डी. करीत होतो. एका आठवड्यात नवजात कक्षातील चार बाळांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये एकाच जातीचे जंतू वाढले. जंतू बॅसिलस वर्गातील, म्हणजे बीजाणू धारण करणारे होते. चारही बाळांना शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. एका पहिलटकरणीला सहा दिवस बाळ कुशीत घेता आले नाही. पण बाळे दूध पीत होती, खणखणीत रडत होती. आमच्या सरांना शंका आली. प्रयोगशाळेतच तयार होणाऱ्या कल्चर-बाटल्यांपैकी काही कोऱ्या बाटल्या त्यांनी तशाच इन्क्युबेटरमध्ये ठेवायला लावल्या. दोन दिवसांत त्याही गढुळल्या. जंतू बाळांच्या रक्तात नव्हतेच. ते बाटल्यांत होते.

ऑटोक्लेव्ह बिघडलेला नव्हता. वेळ वाचावा म्हणून हीटर लावताक्षणीच हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला जात असे. काटा १५ पौंड दाखवी आणि सारे निश्चिंत होत.

दाब जंतू मारीत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी खऱ्या अर्थाने शिकलो. १६७९ मध्ये देनी पापँने बंद भांड्यात वाफ कोंडून अन्न शिजविले. पुढे दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी त्याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह सिद्ध केला. दाबाचे काम एवढेच, की वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत चढावे. ही वाफ थंड वस्तूला स्पर्श करताच तिचे पाणी होते आणि प्रत्येक ग्रॅममागे ५०० हून अधिक कॅलरी उष्णता ती वस्तूला देते. ओल्या उष्णतेने जंतूंमधील प्रथिने गोठतात. कोरड्या हवेत हेच साधायला १६० अंशांवर दोन तास लागतात.

आत हवा राहिली तर दाब भरतो, तापमान मात्र चढत नाही. १५ पौंड दाबावर सारी हवा निघाली असेल तर १२१ अंश मिळतात. निम्मी निघाली असेल तर ११२, आणि मुळीच निघाली नसेल तर जेमतेम १००. शंभर अंशांना बीजाणू दाद देत नाहीत. माझी आई कुकरच्या झाकणातून वाफेचा जोरदार झोत येऊ लागल्यावरच त्यावर शिटी ठेवी. आमच्या प्रयोगशाळेपेक्षा तिची पद्धत अधिक शास्त्रीय होती! शिवाय आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे काट्यावर १५ पौंड दिसले तरी तापमान एखाद अंश कमीच भरते. म्हणून विश्वास ठेवावा तो थर्मामीटरवर, आणि वेळ मोजावी ती १२१ अंश गाठल्यापासून.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत. हीटरची कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असावी. सामान दाटीवाटीने भरू नये. ड्रमच्या खिडक्या आत ठेवताना उघड्या असाव्यात आणि बाहेर काढताच बंद कराव्यात. द्रवाच्या बाटल्या दोन-तृतीयांशच भराव्यात व त्यांची झाकणे सैल ठेवावीत. छोट्या बाटल्यांना १५ ते २० मिनिटे पुरतात. मोठ्या फ्लास्कच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला जास्त वेळ द्यावा लागतो. हायपोक्लोराइटमध्ये भिजविलेली वस्तू आत कधीही घालू नये. विषारी वायू सुटतो. हीटर बंद केल्यावर दाब आपोआप शून्यावर येऊ द्यावा. घाईने वाफ सोडली तर द्रव उसळतो, बाटल्या फुटतात. झाकण हातमोजे घालून, चेहरा दूर ठेवून उघडावे. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅस्केट यांची नियमित तपासणी करावी.

प्रयोगशाळेतील कचऱ्याचा हिशेब वेगळा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार साध्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याला १२१ अंशांवर किमान ६० मिनिटे द्यावी लागतात.

सर्वांत मोठा गैरसमज टेपविषयी आहे. टेपवर काळ्या रेघा उमटल्या, याचा अर्थ पाकिटाला उष्णता लागली, एवढाच. आतील वस्तू निर्जंतुक झाली याची ती ग्वाही नव्हे. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची. त्यांची कुपी सामानाच्या मधोमध, वाफ पोहोचायला सर्वांत कठीण जागी ठेवावी. नंतर ती ५५ ते ६० अंशांवर उबवावी आणि सोबत न तापविलेली एक कुपीही ठेवावी. न तापविलेल्या कुपीत वाढ झाली आणि आपल्या कुपीत झाली नाही, तरच समाधान मानावे.

त्या चारही बाळांची प्रतिजैविके त्याच दिवशी थांबली. त्या आईला काय सांगावे, हे मला सुचत नव्हते. सरांनी तिच्यासमोर बसून चूक आमची होती असे सांगितले आणि बाळ तिच्या हाती दिले. आज माझ्या रुग्णालयात ऑटोक्लेव्हशेजारी एक नोंदवही टांगलेली आहे. तीत प्रत्येक खेपेची वेळ, तापमान आणि चाचणीचा निकाल लिहिला जातो व दर शनिवारी मी सही करतो. समव्यवसायी मित्रांना एकच विनंती. आपल्याकडे बीजाणूंची चाचणी शेवटची केव्हा झाली, हे उद्या सकाळी एकदा पाहावे.