हायलँड वेशातील पुष्पधारण
स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स प्रदेशातील पुरुषांच्या समारंभीय पोशाखावर ताजे फूल अथवा डहाळी धारण करण्याची प्रथा. किल्ट हे कमरेभोवती नेसावयाचे चुणीदार लोकरी वस्त्र, आखूड कोट आणि स्पोरन ही पुढे लोंबणारी चामडी पिशवी हे या वेशाचे मुख्य घटक होत. टोपीत खोवण्याची कुलवनस्पती व कोटावर लावण्याचे शोभेचे फूल अशा दोन भिन्न परंपरा या प्रथेत एकत्र आल्या आहेत.

कुलवनस्पती : प्रत्येक कुळाची (क्लॅनची) एक वनस्पती मानली जाते. मॅक्डॉनल्ड कुळाची हेदर, गॉर्डनची आयव्ही, तर फ्रेझरची यू होय. तिची डहाळी टोपीवरील कुलचिन्हामागे खोवतात. युद्धात आपपर ओळखण्यासाठी तिचा उपयोग होई, अशी पारंपरिक समजूत आहे. तथापि ग्रँट, मॅक्ग्रेगर इ. अनेक कुळांची वनस्पती एकच, म्हणजे स्कॉच पाइन, असल्याने ही खूण तेवढ्यापुरती पुरेशी ठरली नसती. अशा वनस्पतींच्या याद्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात ग्रंथनिविष्ट झाल्या.

फुलाला राजकीय अर्थही होता. पदच्युत स्ट्यूअर्ट घराण्याचे पक्षपाती जॅकोबाइट पांढरा गुलाब हे आपले चिन्ह मानीत व जेम्स फ्रान्सिस एडवर्ड स्ट्यूअर्टच्या जन्मदिनी, १० जून रोजी, तो धारण करीत. कलोडनच्या लढाईत (१७४६) त्यांचा पराभव झाल्यावर, सैनिकांचा अपवाद वगळता, पुरुषांना हायलँड वेश कायद्याने वर्ज्य झाला. ही बंदी १७८२ मध्ये उठली. चौथ्या जॉर्जच्या १८२२ मधील एडिंबरो-भेटीने या वेशास दरबारी प्रतिष्ठा लाभली.

कोटावरील फूल : ही पद्धत व्हिक्टोरियाकालीन नागरी पोशाखातून आली. डाव्या बाजूच्या लॅपेलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, एकच लहान फूल टाचतात. ‘प्रिन्स चार्ली’ कोटास अशी पट्टी असते. ‘माँट्रोझ’ डब्लेटास ती नसते व गळ्याशी झालर असते, त्यामुळे तेथे फुलास जागाच उरत नाही. डाव्या खांद्यावर ब्रोचने अडकविलेला प्लेड असल्यासही फूल दाटी करते. म्हणून या वेशात फुलाचा प्रश्न रुचीइतकाच कोटाच्या कापणीचाही असतो.

विवाहप्रसंगी वर काटेफूल (थिसल) व पांढरे हेदर लावतो. पांढरे हेदर शुभ मानले जाते. १८५५ मध्ये बॅल्मॉरल येथे प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक विल्यम याने व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येस मागणी घालताना ते दिले. त्यामुळे या संकेतास लोकप्रियता लाभली. हेदरचा बहर मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असल्याने इतर ऋतूंत सुकविलेली डहाळी वापरावी लागते. पुष्पविक्रेते थिसल म्हणून पुष्कळदा एरिंजियम ही निळसर काटेरी वनस्पती देतात. ती खऱ्या थिसलप्रमाणे सूर्यफुलाच्या कुलातील नसून गाजराच्या कुलातील आहे. काट्यांचा उपद्रव होऊ नये व देठ ताठ राहावा म्हणून त्यास तार व फीत गुंडाळतात.

टोपीतील डहाळी कुलाशी असलेले नाते दर्शविते. कोटावरील फूल त्या प्रसंगापुरते असते. त्यामुळे दुसऱ्या कुळाचे फूल कोटावर लावण्यास प्रत्यवाय नसतो. टोपीत मात्र ते सहसा खोवीत नाहीत.