साउंड कार्ड चालू आहे की बिघडले?

संगणकातील अंकी माहितीचे ऐकू येणाऱ्या आवाजासाठी लागणाऱ्या विद्युतसंकेतात रूपांतर करण्याचे काम साउंड कार्ड करते. १९८९ साली ‘साउंड ब्लास्टर’ आले तेव्हा असे कार्ड वेगळे घेऊन स्लॉटमध्ये बसवावे लागे. आता बहुतेक मदरबोर्डांवर त्याची चिप आधीच असते. त्यामुळे जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समधल्या संगणक-बाजारात नवे कार्ड शोधत फिरण्याआधी घरीच तपासणी करून घ्यावी.

आवाज गेला की संशय कार्डावर जातो, पण दोष बहुधा दुसरीकडेच असतो. स्पीकरची पिन डेस्कटॉपच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये हवी. गुलाबी जॅक माइकचा. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज परस्पर मॉनिटरकडे वळवते. मॉनिटरला स्पीकर नसेल तर काहीच ऐकू येत नाही आणि चांगले कार्ड बिघडलेले ठरते! टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदलावे.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडावा. साउंडच्या विभागात कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर पुन्हा टाकावा. नावच नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद आहे का, ते पाहावे.

सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, उबुंटू ही विंडोजऐवजीची कार्यप्रणाली चालवणे. तिथे आवाज आला तर कार्ड शाबूत आहे, दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही आला नाही, तर चिप किंवा जॅक खराब असण्याची शक्यता मोठी. तरीही मदरबोर्ड बदलण्याची घाई नको. यूएसबी साउंड कार्डावर काम भागते.