साडेतीन टक्क्यांचा कर आणि स्वातंत्र्याची वाट

कर भरणे कोणाला आवडते? आम्हा कापडवाल्यांना तर नाहीच. पण आपल्या धंद्यावर एके काळी असा एक कर होता की, त्याचा हिशेब मांडला की इंग्रजी राज्याचा सारा कारभार कळून येतो.

१८८२ साली सरकारने परदेशी कापडावरील जकात उठविली आणि लँकेशायरच्या मालाला हिंदुस्थानचा बाजार मोकळा झाला. १८९४ मध्ये तिजोरीला पैसा कमी पडला, तेव्हा जकात परत बसवावी लागली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. त्यांची समजूत काढण्यासाठी इथल्या गिरण्यांच्या बारीक सुतावरही कर बसला. १८९६ मध्ये नवा कायदा झाला : परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. हातमाग तेवढा सुटला.

वरवर पाहता हा इन्साफ वाटेल. पण आपल्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड काढीत आणि लँकेशायरचा माल बारीक. दोघांची टक्कर फारशी नव्हतीच. म्हणजे बोजा पडला तो गरिबाच्या धोतर-लुगड्यावर. शिवाय हा कर नफ्यावर नव्हता, मालावर होता. गिरणी तोट्यात असली तरी तो भरावाच लागे.

त्याच वर्षी टिळकांनी महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम काढली. पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. बंगालची स्वदेशी चळवळ सुरू झाली ती त्यानंतर, १९०५ मध्ये. पुढे ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी मुंबईत परळ येथे विलायती कपड्यांची मोठी होळी केली. ती जागा उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारातली होती. स्वतः गिरणीमालक असलेला हा मुसलमान व्यापारी चळवळीच्या पाठीशी उभा होता, हे आपण विसरता कामा नये.

१९२५ मध्ये मुंबईच्या मालकांनी मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. कामगारांनी मोठा संप केला. अबकारी उठली तर कपात मागे घेऊ, असे मालकांचे म्हणणे होते. अखेर डिसेंबर १९२५ मध्ये वसुली थांबली, १९२६ मध्ये कायदाच रद्द झाला आणि मजुरीही पूर्ववत झाली. एका कराचा काटा मालकापासून मागावरच्या माणसापर्यंत सर्वांना कसा टोचत होता, ते यावरून दिसते.

साडेतीन टक्के ही रक्कम काही जबर नव्हे. लोकांना सलले ते हे की, कर आपण भरायचा, सोय मात्र मँचेस्टरची पाहायची आणि आपल्याला कोणी विचारायचेही नाही. आज कराबद्दल आपल्या तक्रारी आहेत आणि त्या जरूर मांडाव्यात. पण कर ठरविणारी माणसे आपल्या मतांवर निवडून येतात. हा हक्क त्या साडेतीन टक्क्यांच्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांना नव्हता. तो मिळाला आहे, तर वापरलाही पाहिजे.