हात सैल सोडा

२०२५ साली गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला आला आणि रमजान ईद लगेच सोमवारी, ३१ मार्चला. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवशी, फाल्गुन अमावास्येच्या शनिवारी, सोलापूरच्या विजापूर वेशीत भरलेला बाजार एकाच वेळी दोन सणांचा होता. बेंबळीहून आम्ही चौघीजणी त्या बाजाराला गेलो. शेजारच्या भाभींना शीरखुर्म्याचं सामान घ्यायचं होतं, त्यांच्या लेकीला ड्रेसवर जुळणाऱ्या चुड्या हव्या होत्या आणि माझ्या आईला पाडव्यासाठी हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. मला बांगड्या भरणाऱ्याचं काम जवळून बघायचं होतं.

बेंबळी धाराशिव तालुक्यातलं गाव. एरवीच्या खरेदीला धाराशिव पुरतं, पण भाभींच्या घरात ईदचा बाजार म्हणजे सोलापूर. तुळजापूरवरून खाली उतरणाऱ्या सोलापूरच्या रस्त्याला त्यांच्या सासूबाईंच्या लहानपणी राज्याची हद्द लागायची. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. भाभींच्या घरी आजही रांधणं हैदराबादच्या वळणाचं आणि खरेदी सोलापूरची.

रमजानच्या दिवसांत विजापूर वेस आणि बेगम पेठेच्या भागात भरणाऱ्या या बाजाराला लोक मीना बाजार म्हणतात. लोक तिथं रात्री जातात, कबाब खातात, फालुदा पितात आणि गर्दीचे फोटो काढून परततात. खाण्याचं कौतुक मलाही आहे. पण हा बाजार बघायचा तर सूर्य मावळायच्या आधी पोचावं. तेव्हा विकणारे दिवसभराच्या उपाशी पोटी माल मांडत असतात. मार्च अखेरीला सोलापूरचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पहाटेच्या सहरीनंतर त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोटही गेलेला नसतो. त्या दिवशी त्यांचा अठ्ठाविसावा रोजा होता.

पावणेसातच्या सुमाराला बाजार थांबला. हाका बंद झाल्या, ढिगांवर चादरी ओढल्या गेल्या. गाड्यांच्या मागे फळ्यांवर वर्तमानपत्रं पसरून कलिंगडाच्या फोडी, केळी, भजी आणि बिया काढलेल्या खजुराच्या वाट्या मांडल्या होत्या. अजान झाली तसे सगळ्यांचे हात एकदम खजुराकडे गेले. आमच्या समोरच्या बांगडीवाल्या चाचांचं दुकान तेवढा वेळ शेजारच्या गाठीवाल्यानं सांभाळलं. त्याच्या पाटीत पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या साखरेच्या गाठींचे हार होते. तो एका गिऱ्हाइकाला हार बांधून देई आणि दुसऱ्याला सांगे, "चुड्यांचं दहा मिनिटांनी, चाचा रोजा सोडायलेत." त्यानं कशालाही हात लावला नाही, भावही सांगितला नाही. बांगडीच्या धंद्यात ते चालतही नाही, कारण हात पाहिल्याशिवाय कोणती बांगडी द्यायची हेच ठरत नाही.

चाचा नमाज पढून आले, मांडी घालून बसले आणि आईला समोरच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. ते मणियार, म्हणजे परंपरेनं बांगड्यांचाच धंदा. आमच्याकडे लग्नाचा चुडा भरायला कुठं कासार येतो, कुठं मणियार, आणि दोघांचाही मान सारखाच. त्यांनी आईचा उजवा हात हातात घेतला. अंगठा तळव्याकडे वळवला, करंगळीच्या बाजूनं पंजा दाबला, आणि अंगठ्याच्या मुळाशी जिथं हात सगळ्यात रुंद असतो तिथं दोन बोटांनी चाचपून पाहिलं. मापाची पट्टी नाही, नमुन्याचं कडं नाही. "दोन-सहा," ते म्हणाले. आई म्हणाली, मी कायम अडीच घालते. चाचा म्हणाले, "अडीच ढिल्या राहतील अक्का, भांडी घासताना आपटतील. हात कडक नाही तुमचा."

बांगडीचं माप म्हणजे तिचा आतला व्यास, इंचांत. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग केल्यावर त्यातले चार, म्हणजेच सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. मधलं दोन-सहा. दोन मापांमध्ये फरक असतो तो इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्या फरकावर बांगडी हातात जाते, फुटते किंवा नुसती लोंबते. चाचा तो फरक बोटांनी ओळखतात, तोही समोरची बाई हात आखडून बसलेली असताना. नवख्या माणसाच्या हातात हात दिला की कुणाचाही पंजा आपोआप आवळतो. म्हणून त्यांचं पहिलं वाक्य प्रत्येकीला तेच, भाषा तेवढी बदलते. आईला "हात सैल सोडा, अक्का", भाभींच्या लेकीला "हात ढिल्ला छोड बेटा", आणि अक्कलकोटकडून आलेल्या एका बाईला कानडीत. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी या चारही भाषा बाजारात चालतात आणि चाचांना हात सैल करण्यापुरत्या चारही येतात.

मग त्यांनी हिरव्या काचेच्या बांगड्यांचा तोडा घेतला, दोरा सोडला आणि बांगड्या दोन-दोन करून एकमेकींवर हलक्या वाजवल्या. चिरलेली बांगडी बद्द वाजते. एक तशी निघाली, ती त्यांनी न बोलता मागच्या डब्यात टाकली. प्रत्येक बांगडी बोटांत फिरवून ते सांधा शोधत होते. देशातल्या बहुतेक काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या. तिथं भट्टीतून ओढलेली तापलेली काच फिरत्या दांड्यावर मळसूत्रासारखी गुंडाळतात, मग ते वेटोळं उभं कापतात. त्यातून सुटलेल्या प्रत्येक कडीची दोन टोकं आधी एका रेषेत आणतात आणि नंतर ज्योतीवर जोडतात. ही सधाई-जुडाईची कामं कितीतरी घरांतून चालतात, बायका आणि मुलीही ती करतात. म्हणजे प्रत्येक बांगडीत एक जागा अशी असते जिथं कुणीतरी ती ज्योतीवर धरलेली असते, आणि तीच जागा सगळ्यात कच्ची. भरताना तो सांधा अंगठ्याच्या हाडावर येऊ द्यायचा नाही. चाचा तो तळव्याच्या मऊ बाजूला ठेवत होते.

पहिल्या दोन गेल्या. तिसऱ्या जोडीला त्यांनी आईच्या हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली, वरून बांगडी सरकवली आणि पिशवी आतून ओढून घेतली. पूर्वी साबण किंवा गोडंतेल लावत, अजूनही कडक हाताला लावतात. पण ईदच्या बाजारात कपड्यांचे ढीग शेजारी असताना तेलाचे हात परवडत नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं आईचा पंजा नळीसारखा गोल करून धरत होती आणि उजव्या हाताचा अंगठा बांगडी ढकलण्याऐवजी थोडी थोडी फिरवत होता. ढकललं तर दुखतं आणि फुटतं. फिरवलं की बांगडी हाडाच्या उतारावरून स्वतःची वाट काढते. एक फुटलीच. काच आईला लागली नाही, चाचांच्या अंगठ्याच्या पेराला लागली. त्यांनी अंगठा चादरीला पुसला आणि दुसरी बांगडी घेतली. भरताना फुटली तर ती भरणाऱ्याची, गिऱ्हाइकाकडून तिचे पैसे घेत नाहीत. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर अशा बारीक पांढऱ्या खुणा होत्या, जुन्या आणि नव्या.

दोन्ही हात भरले. एका हातात एक जास्त, रीत म्हणून. आईनं पदर सावरला, बांगड्यांना हात लावून डोळ्यांना लावला आणि चाचांना वाकून नमस्कार केला. चाचांनीही हात जोडले आणि पुढचीला बसायला सांगितलं. बांगड्या भरून झाल्यावर भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही आमच्याकडची पद्धत. मला ती फार योग्य वाटते. आपला हात आपण ज्याच्या हाती सोडतो, त्याचं ऋण पैशांत फिटत नाही.

भाभींच्या लेकीचं काम निराळं. ती जांभळ्या कुर्त्याची चिंधी घेऊन आली होती. चाचांच्या मुलानं ती बल्बखाली धरली, मग मोबाईलच्या उजेडात धरली, आणि काच, धातू, खड्यांची कडी असा मिश्र संच जुळवत गेला. पिवळ्या बल्बखाली जांभळा तपकिरी दिसतो, म्हणून रंग दोन उजेडांत बघायचा, हे तो तिला समजावत होता. धातूच्या बांगड्या मात्र तिनं स्वतःच चढवल्या, एक माप मोठ्या घेऊन.

इशाची म्हणजे रात्रीची नमाज आणि तिच्यानंतरची तरावीह संपेपर्यंत गर्दी आटोक्यात होती. दहानंतर पाय ठेवायला जागा उरली नाही. शिंप्यांच्या दुकानांवर ऑर्डर बंद झाल्याच्या पाट्या लागल्या होत्या, तरी आतली यंत्रं चालू होती, कारण आधी घेतलेली कामं अजून संपायची होती. अत्तराच्या गाडीवर माणूस प्रत्येकाच्या मनगटाला काचेची कांडी टेकवत होता. टोप्या, रुमाल, चिनी मातीच्या वाट्या, लहान लेकरांच्या शेरवान्या. त्यातच पाडव्यासाठी खण आणि तांबे घेणाऱ्या बायका.

शेवयांच्या दुकानात भाभींनी वेळ घेतला. शीरखुर्म्याची शेवई केसासारखी बारीक आणि तुपात परतायला सोपी अशी आधीच भाजलेली मिळते. त्यांनी चिमूटभर उचलून बोटांत चुरली. कोरडी मोडली, पीठ झालं नाही, तेव्हा घेतली. जिभेवर ठेवायचा प्रश्नच नव्हता का, असं मी विचारलं, कारण रोजा तर सुटलेला होता. त्या म्हणाल्या, महिनाभर दिवसा चव न घेता स्वयंपाक केल्यावर बोटांना आणि नाकालाच कळायला लागतं. मग खारीक, चारोळी, बदाम, खसखस. दोन लिटर दुधाला शेवई मूठभरच, हे त्यांनी मला बजावलं. जास्त पडली की शीरखुर्मा राहत नाही, साधी खीर होते. दूध आटवून, सुकामेवा तुपात परतून, शेवई शेवटी.

आम्ही खाल्लं ते शेवटी, उभ्या उभ्या. शीक कबाबवाला कोळशावर पंखा मारत होता आणि सळईवरचं खिम्याचं लांबट वेष्टण ओल्या हातानं सारखं करत होता. आई मांस खात नाही, तिनं गार फालुदा घेतला. माझ्या मते त्या रात्रीचा उत्तम पदार्थ फिरनी होता. मातीच्या पसरट वाटीत लावलेली, वरचा थर घट्ट, कडेला किंचित मातीचा वास. वाटी पाणी शोषून घेते म्हणून फिरनी घट्ट होते. स्टीलच्या वाटीत ती तशी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बेंबळीत आम्ही सकाळी गुढी उभी केली. संध्याकाळी सूर्य मावळायच्या बेताला ती उतरवली आणि त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर सगळे पश्चिमेकडे तोंड करून चंद्रकोर शोधत होते. दोन सण असे जवळ येण्यामागं पंचांगाचा साधा हिशेब आहे. दोन्ही सण चंद्रावर चालतात आणि दोन्ही अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राचे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. हिजरी सन ते तसंच चालू देतो, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपलं पंचांग मध्ये मध्ये अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ ठेवतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण येऊन गेला आणि पुढचा अधिक महिना २०२६ चा ज्येष्ठ. या दोन अधिक महिन्यांच्या मधल्या तीन वर्षांत, २०२४, २०२५ आणि २०२६ मध्ये, पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात येतात. याआधी असा योग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला होता. चाचांना हे पंचांगातून नाही, धंद्यातून माहीत होतं. हिरवा माल आणि रंगीत माल एकदमच भरावा लागतो, भांडवल एकदमच अडकतं, पण गिऱ्हाईकही एकदमच येतं, असं ते म्हणाले. २०२७ मध्ये ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल आणि पाडवा ७ एप्रिलला. मग त्यांना दोन हंगाम वेगळे मांडावे लागतील.

त्यांच्या बोलण्यात दुसरीही एक गोष्ट आली आणि ती मला जास्त लागली. काचेचा तोडा भरून घेणाऱ्या आता बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. तरुण मुली धातूच्या मोठ्या मापाच्या बांगड्या किंवा उघडझाप होणारी कडी घेतात आणि घरी घालतात. त्यांच्या मुलाला रंग जुळवता येतात, हिशेब येतो, ऑनलाइन पैसे घेता येतात. पण हात बघून माप सांगणं त्याला अजून पुरतं जमत नाही, कारण शिकायला हातच कमी येतात. हे काम पुस्तकात किंवा व्हिडिओत बघून शिकता येत नाही. शेकडो वेगवेगळे पंजे दाबल्यावरच ते बोटांत येतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. विजापूर वेशीच्या किंवा तुमच्या गावच्या रमजानच्या बाजारात जाल तेव्हा खाण्याआधी बांगडीवाल्याकडे जा. रोजा सुटल्यावर, तरावीह संपायच्या आत गेलात तर त्याला वेळ असतो. चांदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, जाऊ नका, तेव्हा त्याला मान वर करायलाही सवड मिळत नाही. एक तोडा तरी काचेचा घ्या, आणि तो पिशवीत घालून घरी नेऊ नका. स्टुलावर बसा, हात पुढे करा आणि भरून घ्या. मुलगा शिकत असेल तर त्याच्याकडूनच भरून घ्या.