आजारी नसलेला रोगी

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो. तिथून जवळच, कोन गावातल्या उंच इमारतींत, २०२० साली कोरोनाचं विलगीकरण केंद्र उघडलं होतं. तिथे नेलेल्यांपैकी कित्येकांना ना ताप होता ना खोकला. चाचणीचा कागद तेवढा ‘पॉझिटिव्ह’ म्हणत होता. ‘चला, गाडीत बसा’ म्हणणारा पालिकेचा कर्मचारी आणि ‘अहो, पण मला झालंय काय?’ विचारणारा घरातला माणूस, दोघांचंही खरंच होतं.

धडधाकट माणूस रोग पसरवतो हे लोकांना पटायला न्यूयॉर्कची एक स्वयंपाकीण निमित्त ठरली. मेरी मॅलन तिचं नाव. विषमज्वराचे जंतू काहींच्या पित्ताशयात मुक्काम ठोकतात. माणूस ठणठणीत असतो, पण शौचावाटे जंतू पडत राहतात आणि नीट न धुतलेल्या हातांवरून अन्नात जातात. मेरी अशीच वाहक होती. १९०७ मध्ये तिला एका बेटावर ठेवलं. स्वयंपाकाचं काम पुन्हा करणार नाही, या हमीवर १९१० मध्ये सोडलं. तिने कपडे धुण्याचं काम धरलं, पण त्यात पैसे कमी. मग नाव बदलून ती परत चुलीपाशी गेली, तीही एका प्रसूती रुग्णालयात. १९१५ मध्ये पुन्हा सापडली ती १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच राहिली. तिला बोल लावणं सोपं आहे. मला मात्र त्या दोन पगारांमधली तफावत खुपते. तेवढी भरून दिली असती तर तिला तेवीस वर्षं पोसण्यापेक्षा स्वस्तच पडलं असतं.

आपल्याकडची अशीच कोंडण्याची गोष्ट याच गोव्याच्या रस्त्यावर, म्हापशाला घडली. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा नेमाने रक्तदान करणारा. त्याच रक्तातून त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला बोलावून नेलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याचं कलम होतं. त्या आधारे त्याला जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडलं. हा विषाणू हवेतून, ताटातून, हात मिळवल्याने पसरत नाही, हे तोवर डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणजे त्या कुलपाने कोणाचंच रक्षण होत नव्हतं. गावकरी रस्त्यावर उतरले, त्याची आई ल्यूसी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. डॉमनिक घरी परतला, पण निकाल विरोधात लागला. एकाचा हक्क आणि समाजाचं हित यांत समाजाचं पारडं जड, असं म्हणून न्यायालयाने कलम वैध ठरवलं. सरकारने दरम्यान कलमातली सक्ती काढून ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं, एवढाच काय तो फरक. डॉमनिक १९९२ मध्ये गेला.

त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ खटल्यात वेगळा सूर लावला. काम करायला समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीपायी नोकरी नाकारता येणार नाही, असं सांगितलं. पुढे २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला वेगळं काढणं हाच भेदभाव ठरवला.

मग कोरोनात कोंडणं चूक होतं का? नाही. तो श्वासावाटे पसरत होता, आणि चाळीत एकाच खोलीत सहा माणसं राहत असतील तर दुसरा इलाज नव्हता. पण किल्ली ज्याच्या कमरेला, आतल्या माणसाची जबाबदारीही त्याचीच. जुलै २०२० मध्ये पनवेलच्याच एका केंद्रात महिलेवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. आपल्या मर्जीने तिथे कोणीच गेलेलं नव्हतं.

विषमज्वराचे वाहक आजही आहेत. प्रतिजैविकांनी बहुतेक बरे होतात, काहींचं पित्ताशय काढावं लागतं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हॉटेलात अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची, विषमज्वराची लस द्यायची आणि वाहक आढळला तर त्याला भटारखान्यात येऊ द्यायचं नाही. नियम बरोबरच आहे. हायवेवर बस थांबली की धावत चहा आणणारा पोरगा मात्र रोजंदारीवर असतो. औषध चालू असेपर्यंत त्याची हजेरी कोणी भरायची, यासाठी त्या प्रमाणपत्रावर रकाना नाही.