देवदास मरतो, नायक जगतो

'मुंगारु मळे' म्हणजे मृगाचा पाऊस. या नावाच्या कन्नड सिनेमात एक ससा आहे आणि त्याचं नाव चक्क देवदास! प्रेमाबद्दल हा सिनेमा नेमकं काय सांगतो, असं हुबळी-धारवाडच्या चार रसिकांना विचारलंत, तर उत्तरं निदान दोन मिळतील. मला विचाराल तर या कोड्याची किल्ली त्या सशापाशी आहे.

योगराज भट यांचा हा चित्रपट २९ डिसेंबर २००६ला आला आणि बंगळुरूच्या एका मल्टिप्लेक्समध्ये वर्षाहून जास्त चालला. त्यातलं सोनू निगमचं 'अनिसुतिदे' कन्नड न येणाऱ्यांच्याही ओठी बसलं. ते लिहिणारे जयंत कायकिणी मूळचे गोकर्णचे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबईत राहून कथा लिहीत राहिले.

गोष्ट साधीच. बडबड्या प्रीतम (गणेश) नंदिनीच्या (पूजा गांधी) प्रेमात पडतो. तिचं लग्न मात्र ठरलेलं. हळूहळू तिचंही मन त्याच्याकडे वळतं. पण तिचे वडील, म्हणजे अनंत नाग यांनी साकारलेले कर्नल, आपल्या दुखऱ्या हृदयाची गोष्ट प्रीतमपाशीच बोलतात: मुलीचं ठरलेलं लग्न डोळ्यांदेखत व्हावं, एवढीच इच्छा. प्रीतम बाजूला होतो. वर नियोजित नवऱ्याचा जीवही वाचवतो.

इथे प्रेक्षकांत फाटाफूट होते. एक म्हणतो, केवढा त्याग! दुसरी म्हणते, त्याग कसला, नंदिनीला विचारलं कुणी? गंमत अशी की दोघांनाही पुरावा सिनेमाच देतो. कॅमेरा बहुतेक वेळ प्रीतमच्या सोबत असतो, त्यामुळे त्याची घालमेल आपण जवळून पाहतो आणि ती त्यागासारखी दिसते. जरा सरकून नंदिनीच्या जागी बसा: तिच्या आयुष्याचा निकाल दुसऱ्याच दोघांच्या बोलण्यात लागून गेलेला! 'दिलवाले दुल्हनिया'तही बापाचा शब्द मोडायचा नसतो, पण तिथे शेवटी बाप मुलीचा हात सोडतो. इथे बापाने टाकलेला विश्वासच वाट अडवतो.

आणि आता ससा. शरच्चंद्रांचा देवदास १९१७ सालापासून विरहात मरतोच आहे. २००२मध्ये भन्साळींनी त्याला केवढ्या थाटामाटात मारलं! 'मुंगारु मळे'तही शेवटी देवदास मरतो, पण तो ससा. प्रीतम जिवंत राहतो. प्रेमात हरलेल्याने मरायलाच हवं, ही जुनी रीत दिग्दर्शकाने एका मुक्या जनावरावर भागवली, असं मला वाटतं. त्यागाचं कौतुक करणाऱ्यांना आणि त्यावर चिडणाऱ्यांना, दोघांनाही हा चिमटा आहे.

२०१६मध्ये शशांक यांनी 'मुंगारु मळे २' काढला. नायक पुन्हा गणेश, गोष्ट मात्र वेगळीच. नंदिनीला विचारायचं तेवढं राहूनच गेलं.